परग्रहावरचे ऊन



विज्ञानपटांविषयी हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. पूर्वीचे दिग्दर्शक वाळवंटात जात, आता सारे संगणकावर होते, म्हणून चित्रपट निर्जीव झाले. ही तक्रार निम्मीच खरी आहे.

१९६८ चा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ आठवा. त्यातला आरंभीचा आदिमानवांचा माळ म्हणजे इंग्लंडमधला स्टुडिओ. नैऋत्य आफ्रिकेत, आजच्या नामिबियात, काढलेली छायाचित्रे स्टॅन्ली क्युब्रिक यांनी कलाकारांमागच्या परावर्तक पडद्यावर समोरून टाकली. तेव्हा जागेची बतावणी काही संगणकाने सुरू केलेली नाही.

तरीही जागा काहीतरी देतेच. जॉर्ज लुकास १९७६ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी ट्युनिशियात गेले. ल्यूक या शेतकरी नायकाच्या घराचा बाहेरचा भाग शॉट अल जरीदच्या मिठागरी मैदानावर चित्रित झाला आणि आतले अंगण मातमाताच्या घरांत. ही घरे तिथल्या बर्बर लोकांनी उन्हाचा ताप चुकवायला जमिनीत खोदलेली. परग्रहावरचा शेतकरी असा का राहतो, हे संवादातून सांगावे लागले नाही. घरानेच ते सांगितले.

दुसरे देणे प्रकाशाचे, आणि माझ्या मते तेच मोठे. निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे नट उभा केला की त्या रंगाची झाक त्याच्या अंगावर पडते. वाळवंट मागाहून कितीही बारकाईने रंगवा, चेहऱ्यावर ऊन नसते ते नसतेच. ‘ड्यून’च्या (२०२१) मंडळींना हे नेमके ठाऊक होते. जॉर्डनमधले वादी रम आणि अबू धाबीची वाळू त्यांनी वापरलीच. पण जिथे पडदा लावणे भाग होते तिथे तो वाळूच्याच रंगाचा लावला. विमानातली दृश्ये बुडापेस्टजवळच्या टेकडीवर, उघड्या उन्हात घेतली. दृश्यपरिणाम आणि छायालेखन, दोन्हींची ऑस्कर या चित्रपटाला मिळाली.

अंतराळात चित्रीकरणाला जाणे तर जवळजवळ अशक्यच. ‘ग्रॅव्हिटी’साठी (२०१३) सँड्रा बुलक यांना एलईडी दिव्यांच्या पेटीत बसवून पृथ्वीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर फिरवला. ‘द मँडलोरियन’ मालिकेत (२०१९) नायकाचे चिलखत आरशासारखे चकचकीत. त्याच्याभोवती सुमारे वीस फूट उंचीची एलईडीची अर्धगोलाकार भिंत उभारली, म्हणजे चिलखतात परग्रहाचे आकाशच उमटले. तिच्यावरच्या दृश्यांसाठीही खऱ्या जागांची छायाचित्रे वापरली होती.

म्हणून भांडण जागा आणि संगणक यांच्यात नाहीच. चित्रीकरणाच्या क्षणी खरा प्रकाश जपणारे एकीकडे आणि ‘ते नंतर बघू’ म्हणणारे दुसरीकडे, असे हे दोन पक्ष आहेत. निर्जीव चित्रपट दुसऱ्या पक्षाचे. श्रोतेहो, पुढचा विज्ञानपट पाहाल तेव्हा मागचे डोंगर खरे की खोटे हे शोधत बसू नका. पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या गालावरचे ऊन पाहा. तिथे सारे कळते.