पत्ता आणि निरोप



संगणकाच्या आज्ञावल्या रचण्याची जी पद्धत आज फार मोठ्या प्रमाणावर रूढ आहे, तिच्यात सारे काम एकहाती होत नाही. ‘ऑब्जेक्ट’ नावाचे पुष्कळ लहान घटक ते परस्परांकडून करवून घेतात. १९६०च्या दशकात ऑस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी ‘सिम्युला’ या भाषेत ही कल्पना प्रथम रुजविली.

बँकेचेच उदाहरण घेऊ. ‘ग्राहक’ या ऑब्जेक्टच्या पोटात ‘खाते’ नसते. खात्याचा पत्ता तेवढा असतो. त्या पत्त्यावर तो निरोप धाडतो, ‘१०० रुपये द्या.’ रक्कम द्यावी की नकार द्यावा, हे खात्याने ठरवावयाचे. दुसऱ्याच्या शिलकेत परस्पर हात घालावयाचा नाही, हा येथला शिष्टाचार. पतिपत्नींचे संयुक्त खाते असेल, तर दोघांपाशी एकच पत्ता असतो. एकाने पैसे काढले की दुसऱ्यालाही शिल्लक कमी दिसते. पत्ता दोन ठिकाणी लिहिला म्हणून खाती दोन होत नाहीत.

पण पत्ताच कोरा असला तर? निरोप घ्यावयास कोणी नसते आणि चालती आज्ञावली कोसळते. असा कोरा पत्ता टोनी होअर यांनी १९६५ मध्ये, करावयास सोपा म्हणून, ‘अल्गोल डब्ल्यू’ भाषेत आणला. २००९ मध्ये त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले. कॉटलिन, स्विफ्ट या नव्या भाषा, पत्ता कोरा असू शकतो काय, हे आधीच लिहावयास लावतात. निरोप कितीही नेमका असो, त्याआधी पत्ता तपासावा, एवढेच आमचे सांगणे आहे.