व्यक्ति-अभ्यास आणि त्याचे गुणदान



शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांतून छात्राध्यापकांकडून जी अनेक प्रात्यक्षिके करवून घेतली जातात, त्यांत ‘व्यक्ति-अभ्यास’ नावाचे एक प्रात्यक्षिक असते. सराव-शाळेतील एक विद्यार्थी निवडावयाचा, काही आठवडे त्याचे निरीक्षण करावयाचे, त्याच्या पालकांशी, वर्गशिक्षकाशी आणि सवंगड्यांशी बोलावयाचे, त्याच्या अडचणीचे मूळ शोधून उपाय योजावयाचा आणि हे सारे वहीत लिहून सादर करावयाचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. पाठांच्या मानाने या कामाला गुण थोडे आणि म्हणून लक्षही थोडे. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानाला हा विषय आडवळणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वहीत एका जिवंत मुलाचे चरित्र लिहिलेले असते आणि जिचा वाचक बहुधा एकटा परीक्षकच असतो, ती वही कशी वाचावी हा प्रश्न ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालविणाऱ्या मंडळींना परका वाटू नये.

कटंगीच्या परिसरात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. बालाघाट जिल्हा जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्ह्याच्या कारभाराची दिशा नागपूरकडून भोपाळकडे वळली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क घटनेत आला आणि भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य राज्यांवर आले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले. हे ‘शक्य तेथवर’ मोठे लवचीक असते. घरी पोवारी, मराठी किंवा गोंडी आणि शाळेत हिंदी, ही या भागातील असंख्य मुलांची रोजची स्थिती आहे. वर्गात गप्प बसलेले मूल बुद्धीने मंद आहे की दुसऱ्या भाषेच्या दारात थबकले आहे, हे ठरविण्याचे काम तिथे नुकत्याच आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या छात्राध्यापकावर येऊन पडते.

चौथीतील असाच एक अबोल मुलगा कल्पनेने समोर आणावा आणि त्याच्यावर दोन छात्राध्यापकांनी दोन वह्या लिहिल्या आहेत असे समजावे. पहिली वही देखणी आहे. तांबड्या शाईचा समास, सुवाच्य अक्षर, मुलाचे छायाचित्र, गुणांचा आलेख. मजकूर असा : विद्यार्थी मंदबुद्धी, लाजाळू व अनियमित; पालक अशिक्षित आणि उदासीन; उपाय म्हणून त्याला पुढच्या बाकावर बसविले, प्रेमाने वागविले, शाबासकी दिली; परिणामी विद्यार्थ्यात आमूलाग्र सुधारणा झाली.

दुसरी वही इतकी नीटस नाही. तीत तारखा आहेत. सोमवारी हजेरीच्या वेळी मुलाने तोंडाने उत्तर दिले नाही, हात वर केला. मधल्या सुटीत गोट्या खेळताना तो अखंड पोवारीत बोलत होता आणि कोणाच्या किती गोट्या झाल्या हा हिशेब सर्वांच्या वतीने तोच ठेवीत होता. रोवणीच्या पंधरवड्यात तो नऊ दिवस आला नाही. पालकांना भेटण्यासाठी दोनदा घरी गेले असता घराला कुलूप होते. तिसऱ्या खेपेस आई बांधीत पऱ्हे लावताना भेटली आणि काम न थांबवता बोलली. वजाबाकीचे शाब्दिक उदाहरण हिंदीत वाचून दाखविले तेव्हा उत्तर आले नाही; तेच पोवारीत सांगितल्यावर बरोबर आले; मात्र हे दोनच वेळा पाहिले असल्याने त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. मुलाला कमी ऐकू येते काय, याची तपासणी होऊ शकली नाही. सहा आठवड्यांच्या शेवटी वर्गातले त्याचे बोलणे वाढलेले नाही.

या दोहोंपैकी जास्त गुण कोणत्या वहीला मिळतात हे अध्यापक-शिक्षणाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला सांगावे लागत नाही. पहिलीत सर्व मथळे आहेत आणि शेवटी यश आहे. दुसरीत ‘उपाययोजना’ हा मथळा जवळजवळ रिकामा आणि ‘निष्कर्ष’ डळमळीत. परीक्षकावर सगळा दोष ढकलणे मात्र न्यायाचे होणार नाही. एका बैठकीत वह्यांचा ढीग उपसावयाचा असला की डोळा आपोआप मथळे मोजू लागतो. पण या मोजणीचा परिणाम छात्राध्यापकांपर्यंत फार लवकर पोहोचतो. गेल्या वर्षीची वही समोर ठेवून यंदाची वही लिहिण्याची प्रथा यातूनच पडते, आणि मग प्रत्येक वहीतील प्रत्येक मूल सहा आठवड्यांत सुधारते. इतकी मुले दरवर्षी सुधारत असती तर शाळांचे रूप एव्हाना पालटले असते!

गुणदानातील ही ढिलाई केवळ आपल्याकडची आहे असे नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडे तपासायला पाठविली, तेव्हा शंभरांपैकी दिलेल्या गुणांत तीसाहून अधिक गुणांचे अंतर पडले. भाषेच्या विषयात असे होणारच, असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिथे अंतर आणखी वाढले. काहींनी उत्तर पाहिले होते, काहींनी रीत, तर काहींनी टापटीप. भूमितीची ही गत, तर एका मुलाच्या मनाविषयी लिहिलेल्या वहीची काय कथा! तेव्हा वहीत काय पाहावयाचे हे तपासनिसांनी आधी आपसांत ठरविले पाहिजे, एवढे ओघानेच येते. काय पाहावयाचे, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

सुधारणा झाली की नाही, यावर गुण देणे हे मुळातच चुकीचे आहे. त्याचे उत्तम उदाहरण व्यक्ति-अभ्यासाच्या जन्मकथेतच सापडते. १८०० च्या जानेवारीत फ्रान्सच्या आव्हेरों भागात रानात एकटा वाढलेला एक मुलगा माणसांत आला. पुढे त्याचे नाव व्हिक्टर ठेवण्यात आले. पिनेलसारख्या नामांकित वैद्याने तो जन्मतःच बुद्धिहीन आहे असा निर्वाळा दिला. पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयातील इतार या तरुण वैद्याला ते पटले नाही. त्याने सुमारे पाच वर्षे त्या मुलावर परिश्रम घेतले आणि १८०१ व १८०६ या वर्षांत दोन अहवाल लिहिले. व्हिक्टर बोलायला शिकला नाही. इतारने ते लपविले नाही. मुलाच्या तोंडून दुधासाठीचा फ्रेंच शब्द प्रथम निघाला तेव्हा कोणाही शिक्षकाने आनंदाने ‘मुलगा दूध मागू लागला’ असे लिहून टाकले असते. इतारने बारकाईने पाहिले की हा शब्द दूध मिळण्यापूर्वी येत नाही, मिळाल्यानंतर येतो; म्हणजे ती मागणी नव्हे, हर्षाचा उद्गार आहे. त्याने तसेच नोंदविले. आपल्याच यशाला कात्री लावणारी ही नोंद आहे. पण याच अहवालांवरून त्याचा शिष्य सेगाँ याने मंदगती मुलांच्या शिक्षणाची पद्धती उभारली, आणि पुढे मारिया माँटेसरींनी इतार व सेगाँ यांचे लेखन आपल्या हाताने उतरवून काढून त्यावर स्वतःच्या कार्याचा पाया घातला. १९३९ मध्ये माँटेसरीबाई भारतात आल्या आणि त्यांनी मद्रासजवळ अड्यार येथे शिक्षकांचे वर्ग घेतले, तेव्हा व्हिक्टरच्या वहीचा एक धागा या देशापर्यंत येऊन पोहोचला असे म्हणता येईल. आजच्या मथळ्यांनी मोजले असते तर ‘फलश्रुती’च्या रकान्यात इतारला फारसे काही मिळाले नसते.

निरीक्षण खरे असेल तर त्यातून सुधारावयाचे ते मूलच असेल असेही नाही, हे मराठी शिक्षणक्षेत्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे तेथील निरीक्षण. पालक उदासीन आहेत असे लिहून वही मिटता आली असती. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना अशी आकाराला आली. १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली, कारण मुले गुरांमागे असतात हे त्यांनी पाहिले आणि गुरे शाळेत येऊ शकत नाहीत हेही! महागड्या साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, बिया आल्या. या सर्व ठिकाणी ‘उपाय’ शाळेवर केला गेला. कल्पनेतल्या त्या दुसऱ्या वहीतील रोवणीचे नऊ दिवस आणि पोवारीतील वजाबाकी यांचा रोख तिकडेच आहे. परंतु नमुन्याच्या वहीत ‘विद्यार्थ्यावर केलेले उपाय’ एवढाच रकाना असतो.

पहिल्या वहीतील ‘मंदबुद्धी’ हा शब्द येथे सोडून देता येत नाही. वहीला मिळालेले गुण महाविद्यालयातच राहतात, शब्द मात्र शाळेत उरतो. छात्राध्यापक वर्गशिक्षकाशी बोलतो, वर्गशिक्षक पुढच्या वर्षीच्या शिक्षकाशी. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलट बाजूने हेच तपासले होते : चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही मुले लवकरच चमकतील असे शिक्षकांना सांगितले, आणि वर्षाखेरीस त्यांतील, विशेषतः खालच्या इयत्तांतील मुलांची, प्रगती इतरांहून अधिक आढळली. या प्रयोगाच्या पद्धतीवर आणि परिणामाच्या प्रमाणावर पुढे पुष्कळ वाद झाले. तथापि शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर काहीच परिणाम होत नाही असे म्हणणारे फारसे कोणी उरले नाही. अध्ययन-अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात झाला आहे आणि तिचे निदान करण्याची रीतसर व्यवस्था आहे. छात्राध्यापकाला तो अधिकार नाही. त्याने निदान लिहिले तर तपासनिसाने गुण कापलेच पाहिजेत. ‘तपासणी करवून घेणे आवश्यक वाटते’ असे लिहिले तर ते विवेकाचे लक्षण मानले पाहिजे.

आता गुण कशाला द्यावेत? पहिला आणि सर्वांत मोठा वाटा पाहिलेल्या गोष्टींच्या नोंदीला असावा : तारीख, स्थळ, मूल काय करीत होते, काय म्हणाले, कोणत्या भाषेत म्हणाले. वर्गातील नोंदी आणि वर्गाबाहेरील नोंदी दोन्ही हव्यात, कारण वर्गात मुके असलेले मूल सुटीत पुढारी असते, हे वर्गात बसून कधीच कळत नाही. त्यानंतर, पाहिलेले आणि त्यावरून ताडलेले यांतील भेद लेखकाला कळला आहे काय, हे पाहावे. ‘तो उदास होता’ हे निरीक्षण नव्हे. ‘डबा न उघडता त्याने दप्तरात परत ठेवला’ हे निरीक्षण. एकाच वर्तनाची दोन-तीन कारणे विचारात घेऊन काही सोडून दिली असतील, तर त्या सोडण्यालाही गुण असावेत. आणि उपाय फसला असेल व का फसला याचा विचार केला असेल, तर ती वही यशस्वी वहीच्या बरोबरीने किंबहुना वरचढ ठरण्यास हरकत नसावी. अक्षर, समास आणि छायाचित्र यांना शून्य. छायाचित्र तर नकोच; मुलाचे खरे नाव, जात आणि गावही वहीत येऊ नये. मुलाची संमती कोणी विचारलेली नसते, आणि रद्दीच्या दुकानात गेलेल्या वहीला परीक्षकाची सही थोपवू शकत नाही.

वेळ नाही ही सबब पूर्वी खरी होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी किमान वीस आठवडे ठेवले गेले. वीस आठवड्यांत एका मुलाला पाहता येते. मधेच, सहाव्या-सातव्या आठवड्यात, प्राध्यापकाने कच्च्या नोंदी वाचून केवळ प्रश्न लिहून परत कराव्यात, गुण देऊ नयेत. अखेरच्या दिवशी एकदम लिहिलेली वही तिथेच उघडी पडते. दोन तपासनिसांनी आरंभी चार वह्या स्वतंत्रपणे तपासून आपले गुण समोरासमोर ठेवावेत आणि फरक का पडला ते बोलावे. त्याला एक दुपार लागते.

राहिली मौखिक परीक्षा. तिथे व्याख्या आणि पायऱ्या विचारण्याचा प्रघात आहे. त्या पाठ करून येतात. त्याऐवजी बहिःस्थ परीक्षकाने वही मिटून बाजूला ठेवावी आणि साधे प्रश्न विचारावेत. मुलाच्या घरी शाळेतून चालत जायला किती वेळ लागतो? मधल्या सुटीत ते कोणाजवळ बसते? घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, आणि ती हाक कोणत्या भाषेतली आहे?