स्वागताध्यक्षांचे भाषण

भूगोल शिक्षक बंधु-भगिनींनो,

प्रवरेकाठच्या बेलापुरात आपले मनःपूर्वक स्वागत. रेल्वेने आलेल्यांची सकाळी धांदल उडाली, हे कानावर आले. दौंड-मनमाड मार्गावरच्या स्थानकाचे नाव बेलापूर, पण ते आहे श्रीरामपुरात. 1878 साली लोहमार्ग आला. नाव आमचे घेतले आणि बाजारपेठ तिकडे भरभराटली! असो. न्यायला आलेल्या जीपगाड्यांना उशीर झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

मी माईक हातात घेतला की दायमाबाद येणार, हे आमच्या कार्यवाहांना पाठ आहे. त्यांनी घड्याळ समोर ठेवलेच आहे. आमच्या तालुक्यातले हे उठलेले गाव. 1958 साली पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकरांनी ते शोधले. पुढे साळींनी केलेल्या उत्खननात सावळदा काळापासून जोर्वे काळापर्यंत एकावर एक पाच वस्त्यांचे थर उलगडले. इ.स.पू. 1000 च्या सुमारास गाव उठले. पाऊस ओसरत गेला, असे एक मत आहे.

पण मला सांगायचे आहे ते छबू लक्ष्मण भिल यांच्याविषयी. 1974 मध्ये दायमाबादेतच झाडाचे मूळ खणताना त्यांना चार भरीव कांस्यशिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. चौघांचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. रथात माणूस ताठ उभा, पुढे बैलजोडी आणि मधल्या दांडीवर चक्क एक कुत्रा! विद्वान या शिल्पांच्या काळावरून भांडतात, भांडोत. उत्खनन करणाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. छबूंचे नाव आमच्या शाळकरी पोरांना तरी ठाऊक आहे का?

याचा आपल्या भूगोलाच्या अधिवेशनाशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध पाण्याचा आणि पाण्यामागे हलणाऱ्या माणसांचा. 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले, कालव्यांना पाणी खेळले आणि माळराने बागायती झाली. सासवडचे माळी आले, ऊस आला, व्यापारी आले. आज कारखान्याचा भोंगा झाला की पाथर्डी-बीडकडचे ऊसतोड मजूर कोप्या टाकतात आणि आमची शिकलेली पोरे पुण्याची गाडी धरतात. शिरगणतीच्या तक्त्यात हे सारे येणे-जाणे एका आकड्यात बसवतात कसे, ते आपणच सांगावे.

आता उणिवा. लग्नतिथी दाट असल्याने मंगल कार्यालय मिळाले नाही. शाळेच्या वर्गांत सोय करावी लागली. गाद्या अपुऱ्या आहेत, भारनियमनाचा भरवसा नाही आणि काल रात्रीची आमटी तिखट झाली होती, हेही मान्य. मंडप देणारे आडत व्यापारी, दूध पुरवणारे गवळी, जेवणाचा भार उचललेली पतसंस्था, भाकरी थापणाऱ्या महिला बचत गटाच्या भगिनी आणि नाव जाहीर करू नका, अशी ताकीद देऊन पंचवीस पोती गहू धाडणारे ते सद्गृहस्थ, या सर्वांचे ऋण मानतो. कुणाचे नाव राहिले असेल तर मंडपातच टोकावे. मागाहून रुसू नये.

उद्या सकाळी सात वाजता दायमाबादची बस सुटेल. टेकाडावर सावली नाही, टोपी सोबत घ्या. आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावे, ही विनंती.