हाल्मोनी काय मागतात



दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या बायका-मुलींना सैनिकांसाठी डांबून ठेवलं. 'कम्फर्ट विमेन' हे त्यांना दिलेलं नाव तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, तेव्हा सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत बसत नाही. मिनिटं मोजकी आहेत आणि मला एकच गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे, ती म्हणजे या बायका काय मागतात. 'नुकसानभरपाई मागतात' असं म्हणून लोक मोकळे होतात. भरपाई त्या मागतातच, पण त्याआधी मागतात ती कबुली. हे आमच्या लष्कराने केलं, सरकारच्या हुकमाने केलं आणि तो गुन्हा होता, अशी सरळ, पळवाट नसलेली कबुली.

कोरियात यांना सगळे हाल्मोनी म्हणतात, म्हणजे आजी. त्यांतल्या किम हाक-सुन आजींचं ऐका. जून 1990 मध्ये जपानच्या संसदेत सरकारतर्फे सांगण्यात आलं, की या बायकांना खासगी ठेकेदार घेऊन फिरत होते. किम आजी तेव्हा सोलमध्ये एकट्या राहत होत्या. नवरा गेलेला, मुलं गेलेली. 'गप्प बस, लोक काय म्हणतील' असं सांगायला घरात कोणी उरलं नव्हतं. 14 ऑगस्ट 1991 ला त्या पत्रकारांसमोर बसल्या आणि स्वतःचं नाव सांगून, चेहरा उघडा ठेवून म्हणाल्या, की मी त्यांतलीच एक आहे. 67वं वर्ष चालू होतं. सतराव्या वर्षी चीनमध्ये सैनिकांनी त्यांना धरून नेलं होतं. कोरियात स्वतःच्या नावानिशी असं चारचौघांत बोलणाऱ्या त्या पहिल्या. त्यांच्यामागून फिलिपिन्सच्या मारिया रोझा हेन्सन बोलल्या, जावा बेटावरच्या नजरकैदेच्या छावणीतून उचलून नेलेल्या डच बाई यान रफ-ओहर्न बोलल्या, मग कितीतरी जणी.

आता कबुलीवर माझा एवढा भर का, ते घरातल्याच गोष्टीवरून सांगते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. समजा, शेजारीण तुमचं पातेलं घेऊन गेली. मागायला गेलात तर म्हणते, 'आमच्याकडे आलंच नाही, कामवालीने नेलं असेल.' संसदेतलं ते ठेकेदारांचं उत्तर हे असं होतं. मग कोणीतरी पातेलं उपडं करून त्यावरचं नाव दाखवतं. हे काम केलं योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने. जपानी, हे लक्षात ठेवा. किम आजींचं बोलणं ऐकून हा माणूस संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात गेला आणि लष्कराचे जुने कागद काढून बसला. 4 मार्च 1938 चं युद्ध मंत्रालयाचं पत्र त्यात निघालं. चीनमधल्या सैन्याला लिहिलेलं, बायकांची भरती कशी करावी याबद्दलचं, आणि त्यावर अधिकाऱ्यांचे शिक्के. जानेवारी 1992 मध्ये 'आसाही शिंबुन' या दैनिकाने ते छापलं. नाव भांड्यावर होतंच, कोणी वाचत नव्हतं इतकंच.

पुढच्या वर्षी, 4 ऑगस्ट 1993 ला, मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव कोनो यांचं निवेदन आलं. या बायकांना जिथे ठेवलं त्या ठाण्यांच्या उभारणीत आणि कारभारात लष्कराचा हात होता, बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध आणलं गेलं, हे त्यात मान्य केलं आहे. कबुलीच्या इतकं जवळ जपानचं सरकार क्वचितच आलं. 1997 साली माध्यमिक शाळांच्या इतिहासाच्या सगळ्या पुस्तकांत या बायकांचा उल्लेख होता. नंतर एकेका पुस्तकातून तो गळत गेला. 2007 मध्ये पंतप्रधान आबे म्हणाले, की जबरदस्ती झाल्याचा पुरावा नाही. म्हणजे पातेलं पुन्हा कामवालीनेच नेलं!

आणि पैशाचं काय झालं, तेही ऐका. 1995 मध्ये एशियन विमेन्स फंड निघाला. प्रत्येकीला 20 लाख येन आणि पंतप्रधानांचं पत्र. पण ती रक्कम लोकांच्या देणग्यांतून जमवलेली, सरकारी तिजोरीतून फक्त औषधपाण्याचा खर्च. शेजारीण नामानिराळी आणि वाड्यातल्या लोकांनी वर्गणी काढून तुमच्या हातावर ठेवली, तसं. कोरियातल्या, तैवानमधल्या कित्येक आज्यांनी ते पैसे नाकारले. हेन्सन बाईंनी घेतले. ज्यांनी घेतले त्यांना कृपा करून नावं ठेवू नका. म्हातारपण, दुखणी, औषधं कोणाला चुकली आहेत? पुढे 28 डिसेंबर 2015 ला जपान आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी करार केला. एक अब्ज येन, आणि अट अशी, की प्रश्न कायमचा मिटला. वर सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर या बायकांच्या आठवणीसाठी बसवलेल्या पुतळ्याचंही काहीतरी बघा. म्हणजे पैसे घ्या, विषय पुन्हा काढू नका आणि ते भांडं आमच्या दारासमोर मांडू नका. ज्यांचं होतं त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हा हयात असलेल्या बहुतेकींनी ही रक्कम स्वीकारली, हेही खरं आहे. पण रक्कम स्वीकारली म्हणजे हिशेब मिटला, असं कोणी म्हणू नये.

उपमा तोकडी आहे, मला कळतं. पातेलं निदान परत करता येतं.

तो पुतळा 14 डिसेंबर 2011 चा. 8 जानेवारी 1992 पासून या आज्या दर बुधवारी वकिलातीसमोर उभ्या राहायच्या. त्या निदर्शनांचा हजारावा बुधवार होता तो. खुर्चीवर बसलेली एक मुलगी, केस वेडेवाकडे कापलेले, मुठी आवळलेल्या. पाय अनवाणी आणि टाचा जमिनीला टेकलेल्या नाहीत, कारण घरी परतल्यावरही यांना कोणी सुखाने टेकू दिलं नाही. शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. येईल त्याने तीवर बसावं.

काही जण म्हणत असतील, की परक्या देशांची जुनी मढी आपण कशाला उकरायची? परकं कसं म्हणता? ऑगस्ट 1944 मध्ये ब्रह्मदेशात मिचिनाजवळ अशाच 20 कोरियन मुली अमेरिकी सैन्याच्या हाती लागल्या. त्यांना आणलं कुठे? आसामातल्या लेडोला. आपल्या लेडोला. तिथे त्यांची चौकशी झाली आणि अहवाल लिहिला गेला. जखमी सैनिकांना भेटायचं, मलमपट्ट्या गुंडाळायच्या, असलं काम सांगून, घरच्यांना उचल देऊन त्यांना आणलं होतं, हे त्यात नोंदलेलं आहे. आणि त्याच अहवालात लिहिणाऱ्याने या मुली दिसायला कशा आहेत, यावरही शेरा मारला आहे! सुटका करणाऱ्यांनासुद्धा ज्यांच्यावर गुन्हा घडला अशा मुली समोर बसल्या आहेत, हे दिसलं नाही. जपानच्या ताब्यातल्या अंदमानातही अशी ठाणी होती. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात या प्रकारासाठी वेगळा आरोप कोणावर ठेवला गेला नाही. त्या खटल्यात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं निकालपत्र लिहिलं, आणि आज टोकियोतल्या यासुकुनी या युद्धमृतांच्या मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. याचा आपण भारतीयांनी काय विचार करायचा, यावर खरं तर... पण त्याला वेगळं भाषण लागेल, वेळ सरत आलाय.

टोकियोच्या खटल्यात जे राहून गेलं, त्यासाठी डिसेंबर 2000 मध्ये टोकियोतच बायकांनी लोकन्यायालय भरवलं. पुढाकार जपानी पत्रकार मात्सुई यायोरी यांचा. सम्राट हिरोहितोंनाही तिथे दोषी ठरवलं. त्या निकालाला कायद्याचं बळ नव्हतं, तरी आज्या इतक्या दुरून आल्या, कारण 'तुझा दोष नव्हता, त्यांचा होता' हे त्यांना न्यायासनावरून ऐकायचं होतं. पुन्हा तेच सांगते, कबुली. 8 जानेवारी 2021 ला सोलच्या न्यायालयाने जपानने 12 जणींना प्रत्येकी 10 कोटी वॉन द्यावेत असा निकाल दिला. सार्वभौम देशावर दुसऱ्या देशाचं न्यायालय खटला चालवू शकत नाही, असं म्हणत जपान न्यायालयात फिरकलासुद्धा नाही.

कोरियाच्या सरकारदरबारी 240 जणींची नोंद झाली होती. आज हयात आहेत त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. किम हाक-सुन आजी 16 डिसेंबर 1997 ला वारल्या. त्यांनी टोकियोत लावलेला दावा त्यानंतर सात वर्षं चालला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

ऐकणाऱ्यांत कोणी शिक्षक असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दुसरं महायुद्ध शिकवताना हिटलर आणि हिरोशिमा यांच्याबरोबर दहा मिनिटं यांनाही द्या. नकाशात लेडो दाखवा, किम हाक-सुन हे नाव फळ्यावर लिहा, आणि हे कोणी केलं, तेही स्पष्ट लिहा.