कार्ड घेण्याआधी क्लिप तपासा

आज एकाच प्रश्नावर बोलायचंय. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, सगळीकडून तोच मेसेज येतोय: "दादा, एडिटिंगच्या पीसीला ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?"

आपल्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न का वाढलाय ते तुम्हाला माहितीये. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना अटी घालून परवानगी दिली, मग १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाच वैध ठरवला. आता यात्रा म्हटलं की घाट आला, आणि घाट म्हटलं की कॅमेरे. बारी असते काही सेकंदांची, पण गाडामालकाला ती स्लो-मोशनमध्ये, गाण्यासकट, त्याच रात्री मोबाईलवर हवी असते. वर लग्नसराई आहेच. पोरं यावर पोट भरतायत, म्हणून हा विषय गेमिंगच्या हौसेचा नाही.

एका श्रोत्याचं उदाहरण घेऊ. कॅमेरा सोनी ए७ फोर. पीसीत इंटेल आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५०. सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो. फुटेज टाइमलाइनवर टाकलं की अडखळतं. दुकानदार म्हणाला, आरटीएक्स ४०६० घे. घरच्यांनी कांद्याच्या पट्टीतले तीस हजार द्यायची तयारी दाखवली, आणि दोन लग्नांचं काम पडून आहे.

आता नीट ऐका. एडिटिंगमध्ये पीसी तीन वेगळी कामं करतो. पहिलं, कॅमेऱ्याची दाबून बसवलेली फाइल उलगडणं, म्हणजे डिकोड. दुसरं, कलर, इफेक्ट, नॉइज काढणं. तिसरं, तयार व्हिडिओ पुन्हा दाबून बाहेर काढणं, म्हणजे एक्स्पोर्ट. कांद्यासारखंच आहे: काढणी, निवड आणि गाडी भरणं. काढणीलाच माणसं कमी असतील, तर मोठा ट्रक आणून काय उपयोग?

या भावाचं दुखणं काढणीचं आहे. त्याचा कॅमेरा ४के एच.२६५ मध्ये, १० बिट, ४:२:२ वर सेट आहे. रंगाची माहिती जास्त मिळते, कलर छान निघतो. पण हा प्रकार एनव्हिडियाच्या ३० आणि ४० सीरिजच्या कार्डांचा डिकोडर उलगडतच नाही. ते काम प्रोसेसरवर येऊन पडतं. म्हणजे तीस हजार मोजून ४०६० बसवलं असतं, इफेक्ट पळाले असते, पण टाइमलाइन अडखळतच राहिली असती.

मग उपाय काय? तीन आहेत.

पहिला, फुकटचा: प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी कॉपी बनवतं, तुम्ही तिच्यावर कटिंग करता आणि एक्स्पोर्टला मूळ फाइल वापरली जाते. रात्री प्रॉक्सी लावून झोपा, सकाळी कामाला बसा. डिस्कवर जागा मात्र ठेवा.

दुसरा: प्रोसेसर. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक्स बंद असतं. दुकानात काही हजार वाचतात म्हणून 'एफ' देतात, गेमिंगला ते चालतंही. पण इंटेलच्या ११व्या पिढीपासून आतल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक हेच एच.२६५ ४:२:२ उलगडतं. साधा १२४०० त्याच बोर्डावर बसतो. जुना 'एफ' विकला की फरकाची रक्कमच भरायची. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायला विसरू नका.

तिसरा: कार्डच घ्यायचं तर आरटीएक्स ५० सीरिज. एनव्हिडियाने ४:२:२ चं डिकोडिंग या सीरिजपासून दिलंय.

आता उलट बाजू. तुम्ही मोबाईलवर शूट करत असाल, तर फुटेज बहुतेक ४:२:० असतं. ते साधं १६५० सुद्धा उलगडतं. तुमची अडचण कलर आणि नॉइज काढण्याची असेल, मांडवातलं अंधारातलं शूट असेल, तर मात्र ताकदवान कार्ड आणि जास्त व्हीरॅम लागते. तिथे १२ जीबीचं ३०६० जुनं असूनही ८ जीबीच्या ४०६० पेक्षा मोकळा श्वास घेतं. दाविंची रिझॉल्व्हवाल्यांनो, तुमच्या मोफत आवृत्तीत काही सोयी नाहीतच, त्या सशुल्क स्टुडिओत आहेत. आधी ते बघा, मग कार्डाला नावं ठेवा.

तुमचं दुखणं कुठलं, हे कसं ओळखायचं? मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्लिप उघडा. बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग, या दोन ओळी वाचा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून टाइमलाइन चालवा. सीपीयू शंभरला टेकलाय आणि जीपीयूचा व्हिडिओ डिकोड शून्यावर आहे? मग काढणीलाच माणसं नाहीत.

वीज विसरू नका. १६५० ला ७५ वॅट लागतात, ३०६० ला १७०. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि छोटा यूपीएस एवढ्या भारावर ऐन एक्स्पोर्टमध्ये मान टाकतो. पॉवर सप्लाय आणि यूपीएसचे पैसे कार्डाच्या बजेटमध्येच धरा. सेकंडहँड घेत असाल तर मूळ बिल मागा, कार्ड अर्धा तास भाराखाली चालवून बघा.

आणि शेवटचं. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची क्लिप न्या. म्हणा, "ही चालवून दाखवा, मग पैसे देतो." चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

त्या भावाने सध्या प्रॉक्सीवर काम सुरू केलंय. कांद्याचे पैसे घरातच आहेत. तुमची क्लिप काय सांगते, ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!