राजकन्येचे चित्र कोणासाठी?



बरोक काळातील चित्रांविषयी बोलताना आपण चित्रकाराची थोरवी सांगतो. चित्र कोणी करून घेतले आणि कशासाठी, हे क्वचितच विचारतो. आज एका मुलीच्या चित्रांबद्दल हा प्रश्न विचारू या.

सतराव्या शतकात स्पेन आणि ऑस्ट्रिया, दोन्हीकडे हाब्सबर्ग घराण्याची सत्ता होती. सत्ता घरातच राहावी म्हणून लग्नेही घरातच लावली जात. मारियानाचे लग्न स्पेनच्या युवराजाशी ठरले होते. १६४६ साली तो वारला. १६४९ मध्ये त्याच्या बापाने, राजा चौथ्या फिलिपने, तिच्याशी लग्न केले. तो तिचा सख्खा मामा. ती १४ वर्षांची, तो ४४ वर्षांचा.

१६५१ साली त्यांना मार्गारिता झाली. तिलाही मामाच, म्हणजे मारियानाचा भाऊ लिओपोल्ड, नवरा म्हणून योजला गेला. दरबारी चित्रकार वेलाझ्केझने काढलेली तिची चित्रे माद्रिदहून व्हिएन्नाला जात राहिली. त्यांतली काही आजही तिथल्या संग्रहालयात आहेत: गुलाबी झग्यातली चिमुरडी, पांढऱ्या झग्यातली, आठ वर्षांची निळ्या झग्यातली. मुलगी नीट वाढते आहे, याची ती सासरला दिलेली पोचच होती.

१६५६ च्या ‘लास मेनिनास’ या प्रसिद्ध चित्रातही मधोमध तीच आहे. शेजारी गुडघे टेकून पाणी देणारी दासी आहे. मागे स्वतः चित्रकार, छातीवर सांतियागो पंथाचा लाल क्रूस. हा मान त्याला १६५९ मध्ये मिळाला. राजाश्रयाने चित्रकाराची प्रतिष्ठा वाढली. मुलीला काय मिळाले?

१६६६ साली, पंधराव्या वर्षी, ती व्हिएन्नाला पोचली. पुढची सहा वर्षे बाळंतपणांत गेली. चार मुलांपैकी एकच मुलगी जगली. १६७३ मध्ये, २१ व्या वर्षी, मार्गारिता गेली. त्याच वर्षी लिओपोल्डने दुसरे लग्न केले.

वेलाझ्केझच्या रंगांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण ज्या घराण्याने ती चित्रे करून घेतली, त्याच्या लेखी या मुलीचे मोल तिच्या कुशीपुरते होते. संग्रहालयातली पाटी चित्रकाराचे आणि घराण्याचे नाव सांगते. चित्र कोणाला दाखवण्यासाठी काढले आणि चित्रातल्या बाईचे पुढे काय झाले, हे प्रश्न आपणच विचारायला हवेत.