शब्द अडकतो, समज नाही

आमच्या गटातल्या एका काकूंना लकव्याचा छोटा झटका आला. तोंड वाकडं झालं, तसा आम्ही लगेच १०८ ला फोन केला. हात आठवड्यात सावरला. पण ‘मीठ’ म्हणायचं तर ‘पीठ’ येई. लोक म्हणाले, डोकं फिरलं. नाही हो! बहुतेकांचं बोलणं मेंदूची डावी बाजू सांभाळते. तिथं पुढच्या भागात इजा झाली, की समजतं बरंचसं, शब्द मात्र सापडत नाही. उजवीकडे झाली, तर कधी ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, तिकडे लक्षच जात नाही. मागच्या लहान मेंदूत झाली, तर तोल जातो.

आम्हीही काकूंकडून हिशेबाची वही काढून घेतली होती. चुकलंच आमचं. आता त्या बोलेपर्यंत थांबतो, मध्येच शब्द पुरवत नाही. परवा ‘हप्ता’ म्हणायला फार वेळ लागला, पण आकडा बरोबर होता.